पुस्तकात नसलेलं वाक्य

आमच्या घरात दोन मराठी होत्या. एक जगण्याची आणि दुसरी देवाची. जगण्याच्या मराठीत आई म्हणायची, "चाला जेवाले, भाकर थंडी होऊन राह्यली," आणि बाबा मशीनवरून मान न उचलता म्हणायचे, "येतो वं, एवढी बाही लावू दे." देवाची मराठी पुस्तकातली होती. तिच्यात 'तुम्हांस' होतं, 'करितो' होतं, वाक्यं 'आणि'ने सुरू होत आणि कुणाला घाई नसे. डोणगावात ती मराठी कुणी बोलत नव्हतं. ती फक्त संध्याकाळी, आमच्या पुढच्या खोलीत, माझ्या वाचनातून ऐकू यायची. ती सुरू झाली की आई डोक्यावर पदर घ्यायची. शब्दांचा अर्थ लागण्याच्या आधी, नुसत्या सुरावर तिचा हात पदराकडे जायचा. पुढे जे झालं ते समजायला एवढं ठाऊक असलेलं पुरे.

बाबा शिंपीकाम करत. पुढची खोली म्हणजे दुकान, तिला फळ्यांचं दार, आणि दारापुढून मेहकरकडे जाणारा रस्ता. दिवसभर मशीनचा आवाज आणि मालमोटारींचा आवाज एकमेकांत मिसळलेले असत. एखाद्या दुपारी दोन्ही थांबले तर आई स्वयंपाकघरातून विचारायची, "काय झालं?" मागे चूल, न्हाणी, अंगण, आणि अंगणाच्या कमरेएवढ्या भिंतीपलीकडे वच्छलामावशीचं घर. सकाळी विहारातल्या वंदनेचा आवाज तिच्या अंगणातून आमच्या अंगणात यायचा आणि संध्याकाळी आमची गाणी तिच्याकडे जायची. आमच्या घरची अंबाडीची भाजी आणि तिच्या घरचा ठेचा याच भिंतीवरून इकडून तिकडे होत. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. महिन्यातून एकदा बुलढाण्याहून पाळकसाहेब बसने येत, प्रार्थना घेत, वांग्याची भाजी आणि रोडगे खात आणि शेवटच्या बसने परत जात. बाकीचे दिवस आम्ही आणि पुस्तक, म्हणजे आमचं बायबल.

पुस्तक वाचण्याचा आमच्या घरचा नियम बाबांचा होता. रोज एक अध्याय. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ओळीने, आणि संपलं की पुन्हा पहिलं पान. आवडता भाग निवडायचा नाही, कंटाळवाणा सोडायचा नाही, आणि उघडलेला अध्याय अर्ध्यात मिटायचा नाही. पाहुणा येवो, पाऊस पत्र्यावर कोसळो, चुलीवर काही करपो, अध्याय पुरा होई. खूण म्हणून पुस्तकात अस्तराच्या कापडाची एक पट्टी होती, ती रोज एक अध्याय पुढे सरके. आईला वाचता येत नव्हतं, बाबा बोट ठेवून सावकाश वाचत, म्हणून वाचन माझ्याकडे. वंशावळी आल्या की माझा मोठा भाऊ योना हळूच म्हणायचा, "आले पाहुणे. चहा टाक वं माय, दोनशे जण हायेत." बाबा डोळे मिटलेले तसेच ठेवून म्हणत, "ऐक बे चुपचाप. त्याह्यचीही नावं कोणी तरी घ्यावं लागते."

योनाला लहानपणापासून फिट यायच्या. रोज संध्याकाळी भाकरीनंतर तो सरकारी दवाखान्यातली एक छोटी पांढरी गोळी घ्यायचा, आणि गोळी चालू असली की चार-चार महिने काही होत नसे. चुकली तर मात्र रस्त्यात, बाजारात, मशीनवर, कुठेही पडायचा. लोक धावत, कुणी कांदा फोडून नाकाशी धरी, कुणी पायातली चप्पल. शुद्धीवर आल्यावर त्याचं पहिलं वाक्य बहुतेक चपलेवर असे. "गावात कोणाची चप्पल कशी वास मारते, मले पुसा," तो म्हणायचा. "सरपंचाची सगळ्यात वाईट." तो हात बसलेला कारागीर होता. ब्लाउजची गळपट्टी बाबांपेक्षा सफाईने लावायचा. त्या वर्षी त्याच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं आणि मुलीकडच्यांनी फिटचं कळल्यावर निरोप पाठवला की राहू द्या. योनाचे चपलेचे विनोद बंद झाले. काही दिवसांनी तो मेहकरला एका तंबूतल्या प्रार्थनासभेला गेला आणि येताना सोबत एका माणसाला घेऊन आला.

त्याला आम्ही ब्रदर म्हणत होतो. चाळिशीचा, सडपातळ, पांढरा सदरा, हातात एक पिशवी. नाव त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. दारात उभा राहून तो आईला म्हणाला, "भगिनी, मला पिण्यास पाणी द्यावे."

आईचा हात पदराकडे गेला.

आज मी त्या क्षणाकडे वर्तमानपत्रातल्या माणसाच्या नजरेने पाहते तेव्हा असं दिसतं, की पुढचं सगळं त्या एका वाक्यात ठरलं होतं. तो पाणी मागतानासुद्धा पुस्तकातलं बोलत होता. आमच्या कानांना त्या भाषेत फक्त देवाचं बोलणं ऐकायची सवय होती, त्यामुळे तो जे बोलला ते आम्हाला वाचल्यासारखं वाटलं. शेजारच्या कुठल्याही घराने त्याला विचारलं असतं, 'काय हो, नाटकातलं काय बोलून राह्यले?' आमच्या घरात ते कुणाला सुचलं नाही. ही चूक आमच्यासारख्यांनीच करावी अशी होती.

तो पैसे मागत नव्हता. जेवण थोडं घ्यायचा. पहाटे उठून योनाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचा आणि ती करताना त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. तो लबाड होता, असं लिहायला माझ्याकडे पुरावा नाही. बहुधा त्याचा स्वतःच्या बोलण्यावर विश्वास होता. दुसऱ्या दिवशी त्याने आमचं पुस्तक मागून घेतलं, बाबांच्या कटिंगच्या कागदाचे तुकडे फाडले आणि ठिकठिकाणी खुणा घातल्या. संध्याकाळी मी नेहमीचा अध्याय उघडला तर तो म्हणाला, "ते राहू दे, मुली. आज आत्मा इथे थांबण्यास सांगतो." मी त्याच्या खुणेवर चार ओळी वाचल्या. त्याने हात वर केला, मी थांबले. मग पुढच्या खुणेवर चार ओळी. बाबांनी त्याला अडवलं नाही. कापडाची पट्टी होती तिथेच राहिली.

ते वाक्य मी पहिल्यांदा त्याच संध्याकाळी ऐकलं. मी वाचून थांबले होते आणि तो, जणू माझंच वाचन पुढे नेतोय अशा सुरात, म्हणाला, "आणि जो संशय धरितो त्याच्या घरातून रोग निघणार नाही. परंतु जो औषधाचा त्याग करितो त्याची हाडे नवी होतील."

आई म्हणाली, "आमेन."

बाबांनी थोड्या वेळाने विचारलं, "हे कुठी हाय, ब्रदर?"

"मार्काच्या पुस्तकात, बंधू. विश्वासाने शोधणाऱ्याला ते सापडते."

"आन नाई सापडलं तं?"

"ज्याला सापडत नाही, त्याच्या मनात संशय आहे."

योनाने गोळ्यांची पुडी उचलली आणि स्वतःच्या हाताने चुलीत टाकली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कागद जळताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तसा मी पुन्हा फार वेळा पाहिला नाही.

पहिले दोन-तीन दिवस काहीच झालं नाही, आणि काही न होणं हीच साक्ष ठरली. ब्रदर म्हणाला, सुटका पुरी होईपर्यंत घर वेगळं ठेवावं लागेल. बाहेरचा संशय आत येता कामा नये. फळ्यांचं दार लागलं. मशीन बंद झालं. मार्च संपत आला होता, पत्रा तापायचा, आणि दार बंद असल्यामुळे खोलीत कापडाचा, घामाचा आणि विझल्या चुलीचा वास साचून राहायचा. दिवसातून एकदा पातळ पेज. पाणी आणायला फक्त मी, अंधार पडता पडता, खाली मान घालून. बाहेर गाव चालू होतं. बस थांबल्याचा आवाज यायचा, कंडक्टर 'मालेगाव, वाशीम' ओरडायचा, आठवडी बाजारातला भोंगा ऐकू यायचा. एकदा कुणी बाई दार ठोठावत म्हणाली, "ओ टेलरभाऊ, माहा ब्लाउज! लग्न उद्यावर आलं ना!" बाबा आत बसून ऐकत होते. तिचा ब्लाउज त्यांच्या समोर खुंटीवर, हुक लावायचे राहिलेला, टांगलेला होता. ती शिव्या देत गेली.

वच्छलामावशी भिंतीवरून हाका मारायची. "योनाची माय! ओ योनाची माय! काऊन दार लावून बसल्या? काय शिजवून राह्यल्या एवढं, आम्हाले वासही नाई!" आई चुलीपाशी बसून राहायची. एकदा मावशी मलाच म्हणाली, पाण्याची घागर माझ्या कमरेवर असताना, "पोरी, तुह्या तोंडावर कळाच नाई. घरात काय हाय?" मी म्हणाले, "प्रार्थना हाय." "अवं प्रार्थना आमच्याही घरी असते. दार उघडं ठेवूनच असते," ती म्हणाली. मी आत आले आणि कडी लावली.

कडीमुळे अडकलो होतो असं मात्र म्हणता येत नाही. कडी कुणालाही काढता आली असती. अडकवलं होतं ते त्या वाक्याने. जो संशय धरील त्याच्यामुळे योना बरा होणार नव्हता, म्हणून संशय बोलायचा नव्हता, आणि पुढे पुढे तर मनात आणायचाही नव्हता. सकाळी प्रार्थनेच्या आधी ब्रदर एकेकाच्या तोंडाकडे पाहायचा. मग आम्हीही एकमेकांकडे पाहू लागलो. आईने योनाकडे पाहणं सोडलं, कारण तिच्या पाहण्यात काळजी होती आणि काळजी म्हणजे संशय. ती भांड्याकडे, भिंतीकडे, माझ्या पायांकडे पाहत त्याला पेज वाढायची. बाबांचे हात रिकामे होते. ते मांडीवरच्या धोतराची कड बोटांनी दुमडायचे आणि सोडायचे, पुन्हा दुमडायचे.

दुपारी ब्रदर थोडा वेळ झोपे. त्या वेळात मी बायबलातलं मार्काचं पुस्तक वाचलं. सोळाही अध्याय, ओळ न ओळ. ते वाक्य त्यात नव्हतं. दुसऱ्या दुपारी पुन्हा वाचलं. नव्हतं. आज कुणी मला असा मजकूर आणून दिला की मी मूळ प्रत मागते, मूळ प्रत नसेल तर मजकूर जात नाही. वर्तमानपत्राच्या डेस्कवर तीस वर्षं मी हेच केलं. आताही नातेवाइकांच्या मोबाइलवर सकाळी सकाळी 'वचन' म्हणून काय काय येतं ते मी पाहते, आणि कुठल्या पुस्तकातलं, कुठल्या अध्यायातलं, एवढंच विचारते. त्यावर कुणी उत्तर देत नाही. पण तेव्हा, त्या तापलेल्या पत्र्याखाली, वाक्य न सापडणं ही त्याच्याविरुद्धची गोष्ट नव्हती. ती माझ्याविरुद्धची होती.

मी योनाला सांगितलं. तो मशीनच्या पायटीला टेकून बसला होता.

"मार्कात नाई ते," मी कुजबुजले.

"तुले नाई सापडलं. म्हणजे तुलेच संशय."

"मग तू पाह्य."

"मी नाई पाहत."

"काऊन?"

त्याने हाताने पायटी एकदा दाबून सोडली. मग म्हणाला, "मलेही नाई सापडलं तं?"

पुढल्या दिवशी सकाळी त्याला फिट आली. चुलीपाशी, पेजेचं भांडं हातात असताना. ब्रदर म्हणाला, हे निघून जाणाऱ्याचे शेवटचे झटके. तासाभराने दुसरी आली. दुपारी तिसरी आली तेव्हा आम्ही त्याला पुढच्या खोलीत आणून निजवलं होतं आणि तो आधीच्या फिटमधून शुद्धीवरही आला नव्हता. त्याची मान एका बाजूला ओढली गेली, दात आवळले, ओठांतून रक्ताचा फेस आला. बाबांनी त्याला कुशीवर धरलं. कांदा आणायला कुणी उठलं नाही. त्या घरात आता कांदासुद्धा संशय ठरला असता.

ब्रदरने माझ्या हातात पुस्तक दिलं. मार्क, नववा अध्याय, जिथे एक बाप आपल्या मुलाला येशूकडे आणतो. मुलगा पडतो, फेस गाळतो, दात खातो, वाळत चालला आहे. मी वाचत होते आणि समोर तेच चाललं होतं. बाप विनंती करतो, तुला काही करता येत असेल तर कर. आणि येशू त्याला विश्वासाबद्दल बोलतो. इथे ब्रदरने हात वर केला.

"थांब. मिटव." मग तो त्याचं वाक्य बोलला, पूर्ण, हळू आवाजात. आणि आईकडे वळला. "भगिनी, तुझ्या मनात गोळी आहे."

आईने इतक्या दिवसांत पहिल्यांदा योनाकडे पाहिलं.

"हाव," ती म्हणाली. "हाय."

ब्रदरने डोळे मिटले. उत्तर सापडल्यासारखा त्याचा चेहरा शांत झाला. घरात संशय कुणाचा ते आता ठरलं होतं, आणि योनाला काही झालं असतं तर ते आयुष्यभर आईच्या नावावर राहणार होतं. तिलाही ते कळलं होतं. ती मान खाली घालून बसली.

"पुढं वाच," बाबा म्हणाले.

"पुस्तक मिटव, मुली."

"अध्याय संपला नाई, ब्रदर," बाबा म्हणाले. "आमच्या घरी अर्धा अध्याय मिटत नसतात. वाच वं."

मी वाचलं. तो बाप ओरडून सांगतो की माझा विश्वास आहे, आणि त्याच दमात कबूल करतो की तो अपुरा आहे, त्या अपुरेपणाला हात दे. आणि येशू मुलाला बरं करतो. मुलगा मेल्यासारखा पडतो, लोक म्हणतात गेला, पण येशू त्याचा हात धरून त्याला उठवतो.

"थांब," बाबा म्हणाले. त्यांचा हात योनाच्या खांद्याखाली होता. "त्या बापाच्या मनात संशय होता?"

"होता."

"त्यानं तसं म्हटलं? तोंडानं?"

"हाव."

"तरी पोरगं बरं झालं?"

"हाव."

"आन गोळीचं काय लेहेलं हाय?"

"गोळीचं यात काही नाई, बाबा. चांगलंही नाई, वाईटही नाई."

बाबा उठले. त्यांनी फळ्यांचा अडसर काढला आणि उन्हाचा एक पट्टा सरळ योनाच्या तोंडावर पडला. ब्रदर बसल्या जागेवरून म्हणाला, "तुम्ही त्याला मरणाकडे नेत आहात." बाबा त्याला म्हणाले, "असन. पण नेतो." त्या माणसाशी ते इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पाठ फिरवून बोलले. मग अंगणात जाऊन त्यांनी भिंतीवरून हाक दिली, "वच्छलाबाई! रामदासभाऊ हाय का घरी? जीप हाय का?"

"हाय ना! आता सुचलं का तुम्हाले?" मावशी ओरडतच भिंत चढून आली. योनाला पाहिल्यावर तिचा आवाज बदलला. "अरे देवा. अहो, उठा हो, गाडी काढा. पोट्टं निळं पडून राह्यलं." तिचा नवरा मेहकरच्या फेऱ्या मारणारी काळी-पिवळी जीप चालवायचा. फेरीसाठी दारापुढे जीपमध्ये येऊन बसलेल्या सवाऱ्या त्याने उतरवल्या. योना मागच्या बाकावर, डोकं आईच्या मांडीवर, पाय माझ्या मांडीवर, बाबा पुढे रामदासभाऊंशेजारी. मावशीने येताना कांदा फोडून आणला होता. तो त्याच्या नाकाशी धरून ती सबंध रस्ता नवऱ्याला म्हणत होती, "हळू काऊन चालवून राह्यले? एरवी तं उडवता."

मेहकरच्या दवाखान्यात इंजेक्शनं दिली. फिट थांबायला संध्याकाळ झाली. डॉक्टरांनी विचारलं, गोळी कुणी बंद केली. दुसऱ्या दिवशी योना नीट बोलू लागला तेव्हा राउंडला तोच प्रश्न पुन्हा आला आणि त्याने सुजलेल्या जिभेने सांगितलं, "म्याच." त्याच्या डाव्या हातातली थरथर तिथून सुरू झाली आणि पुढे कधी पूर्ण गेली नाही. गळपट्ट्या पुन्हा बाबांकडे आल्या.

सिस्टरने गोळी आणून दिली. आईने ती त्याच्या तोंडापाशी नेली. त्याने तोंड उघडलं नाही. तो माझ्याकडे पाहत होता.

"खरंच नाई का ते पुस्तकात?"

"मार्कात नाई. म्या दोनदा पाह्यलं."

"दुसरीकडं कुठी?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. पण मी मार्क वाचला होता, सगळं पुस्तक त्या नजरेने वाचलं नव्हतं. "दुसरीकडचं पाहावं लागन," मी म्हणाले.

"म्हणजे असू शकते."

"असलं तं असलं," बाबा म्हणाले. एकही ओळ सोडू न देणारे माझे बाबा. "उघड तोंड."

त्याने डोळे मिटले आणि तोंड उघडलं. आईने गोळी आत ठेवली.

घरी आलो तेव्हा ब्रदर गेला होता. मावशीच्या सुनेने त्याला वाशीमच्या बसमध्ये चढताना पाहिलं होतं. पुढे तो कुठे दिसला नाही. पुस्तक मशीनवर होतं. आईने त्यातले कागदाचे तुकडे एकेक करून काढले. कापडाची पट्टी जुन्या जागी होती, पण बाबा म्हणाले, "तिथून नको. पह्यल्यापासून घे." म्हणून मी उत्पत्तीपासून सुरुवात केली.

रोज एक अध्याय म्हटलं तर सगळ्या पुस्तकाला तीन वर्षांच्या वर लागतात. मी शाळा संपवली, मेहकरच्या कॉलेजात जाऊ-येऊ लागले, संध्याकाळी सहाच्या बसने परतून वाचत राहिले. योना गोळी घेत होता, पण स्वतःच्या हाताने नाही. रोज वाचनानंतर डोळे मिटून तोंड उघडायचा आणि आई ठेवायची. ते वाक्य कुणी चुकूनही काढलं नाही. मी मात्र प्रत्येक अध्यायात ते शोधत होते. मला वाटायचं, हे फक्त मीच करते आहे.

पुस्तक आमच्या सोयीचं नव्हतं. एका राजाच्या दुखण्यावर अंजिराचा लेप लावून तो बरा झाल्याचं आलं, तेव्हा आई पदराआडून म्हणाली, "अंजिराचा?" आणि दोनदा खात्री करून घेतली. पण दीडेक महिन्याने दुसरा एक राजा आला. त्याचे पाय दुखत होते, तो वैद्यांकडे गेला, देवाकडे गेला नाही, आणि मेला. मी ती ओळ वाचून अडखळले. बाबा म्हणाले, "वाच, सोडू नको." वाचन संपलं. आई गोळी घेऊन उभी राहिली, पण तिचा हात पुढे येईना. योनाने एक डोळा उघडला. "त्याचे पाय दुखत होते. माहे पाय चांगले हायेत," तो म्हणाला. "दे."

सर्वांत जवळ आलं ते पुस्तकाच्या शेवटाकडे, याकोबाच्या पत्रात. संशय धरणाऱ्याने देवाकडून काही मिळण्याची अपेक्षा करू नये, अशा अर्थाचं तिथे खरोखरच आहे. बाबांनी मला थांबवलं आणि ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले, "पुढं चाल." आजही मला वाटतं, ब्रदरचं वाक्य या खऱ्या वाक्याच्या शेजारी बसेल अशा मापाचंच बेतलेलं होतं. खऱ्या वाक्यात घर नव्हतं, रोग नव्हता, टाकून द्यायचं औषध नव्हतं. ते ज्ञान मागणाऱ्या माणसाविषयी होतं. त्याच पत्राच्या शेवटी दुखणाईताला तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं आहे. पण हे कळायला ती ओळ अख्ख्या पत्रात वाचावी लागते.

शेवटचा अध्याय वाचला ती संध्याकाळ इतर संध्याकाळींसारखीच होती. फळ्यांचं दार उघडं, रस्त्यावर ट्रकचे दिवे, पलीकडे मावशी भांडी घासत होती. त्या अध्यायाच्या अगदी शेवटी, या पुस्तकातल्या शब्दांत कुणी भर घालू नये आणि कुणी त्यातून काढूही नये, असं बजावलेलं आहे. ते वाचलं, त्यापुढची एक-दोन वाक्यं वाचली, आणि पान संपलं.

आई म्हणाली, "नव्हतं ना?"

काय नव्हतं, ते तिने सांगितलं नाही. मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच पाहत होते.

"एखादा अध्याय सुटला तं नाई ना वं?" त्यांनी विचारलं. "तू आजारी होती त्या दिवशी?"

"त्या दिवशी तुम्हीच वाचला, बाबा. बोट ठेवून. म्या पडल्या पडल्या ऐकला."

"मग नव्हतं," बाबा म्हणाले.

"म्हणजे तुम्ही सगळेच ऐकून राह्यले होते का बे?" योना म्हणाला. "मले वाटलं, मी एकटाच भेऊन राह्यलो." तो हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. ते त्याने थरथरत्या डाव्या हाताने पुसले आणि उजवा हात, तळवा वर करून, आईपुढे धरला. त्या दिवशीची गोळी अजून घ्यायची होती.